नवा कॅप्टन

गांधीबागेतल्या माझ्या कापडवाल्याला टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेचं वेड आहे. तिसऱ्या सीझनला कॅप्टनचा नट बदलला, तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकापुढे त्याची एकच तक्रार. "हा काय कॅप्टन हाये गा? खांद्यावर युनिफॉर्म तरी बसून राहिला काय त्याच्या?" मी नव्या नटाची बाजू घेतली, की तो मला मुद्दाम भडक कापडं दाखवतो.

परवाच्या भागात नवा कॅप्टन स्फोटात मेला. काल शर्टाचं कापड घ्यायला गेलो आणि म्हणालो, "भाऊ, सुटलात एकदाचे!"

"मेला नाही तो," कात्री चालवत तो खाली मान घालून म्हणाला. "पुढच्या सीझनमध्ये येते. पाहजा तुम्ही."

मी दोन मीटर मागितलं होतं. बोटभरही जास्त न देणाऱ्या त्या माणसाने तीन मीटर कापलं होतं.