हरकतवाला चाचा

नेकनूरच्या आमच्या बँकेत ‘सर्वानुमते’ हा शब्द एकाच माणसाला पचत नव्हता. केळीवाल्या चाचाला. मला लगीच पचायचा, संगं समोसा असायचा ना.

बँक खाजगी, लई मोठी. तिचा नियम हाय म्हणं, दर महिन्याला ग्राहकांची समिती बसवायची, गाऱ्हाणी ऐकायची. मॅनेजरसाहेबांनी गप बसणारे हुडकून समिती केली. मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शाळंत गेलतो ते भिंत रंगवायला. सही तेवढी येती, ती बी लई देखणी. माझी पहिल्या फटक्यात निवड झाली. चाचाचा गाडा बँकंच्या दारात, साहेबांना वाटलं, हा काय बोलणार.

पहिल्याच मिटिंगला चाचा म्हणाला, “पढके सुनाव साहेब. न बघता मी केळं बी घेत न्हाई, सही कशी करू?”

साहेबांनी वाचलं, सर्व ग्राहक समाधानी.

“कोन समाधानी? आठ पायऱ्या हायत, माझा गुडघा गेलाय. बाजूनं उतार बांधा. मेरी हरकत लिखो.”

“पुढच्या वेळी घेऊ, चाचा.”

“घेऊ की,” मी म्हणालो, अन दुसरा समोसा घेतला.

दर महिन्याला तेच. चाचा बसत बसत पायऱ्या चढायचा, हरकत सांगायचा, बसत बसत उतरायचा. मी म्हणायचो, “कावून जीव जाळता चाचा? समोसा गार व्हतोय.”

“तू खा बे. तुझी सही बी तेलकट हाय.”

मग गुडघा पारच गेला. मिटिंगला मी वर, चाचा खाली गाड्यापाशी. मी सही करून उतरलो.

“आज काय लिवलं?”

“मला काय ठाऊक?”

“सही कुनाची?”

“माझी.”

“जा, पढवाके आ.”

शिपायानं वाचून दाखवलं. उतार बांधून पूर्ण, संबंधित ग्राहकाने समाधान व्यक्त केले. खाली माझी देखणी सही.

चाचाला सांगितलं. तो हसला न्हाई. म्हणाला, “बांधलाय ना? मग धर मला, त्याच्यावरनं वर ने.” पायऱ्यांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत मी त्याचा हात धरून उभा. समदा बाजार बघतोय. “चल ना बे, तूच तर बांधलास.”

थंडीत चाचा गेला. वर त्याला जाताच आलं न्हाई, बँकंत म्हणतोय मी.

नंतरच्या मिटिंगला हेडऑफिसचे साहेब तपासणीला आलते. समोसे आले. मी म्हणालो, “आधी मागचं उताराचं लिवलेलं वाचून दाखवा.”

मॅनेजर म्हणाले, “अहो, तुमचीच सही आहे ना?”

“माझीच हाय. न वाचता खोट्यावर केली, हे बी लिवा. अन चाचाची हरकत लिवा.”

आता उतार झालाय. मॅनेजर बढतीवर गेले. रजिस्टरात लिवलंय, बँकेने स्वतःहून बांधला. त्यावर मी हरकत घेतली, नवे साहेब पुढच्या वेळी घेऊ म्हणाले. समोसा बंद झालाय.

माझे गुडघे धडधाकट हायत, तरी मी उतारावरनंच जातो. भिंतीकडनं एका माणसाची जागा सोडून.