मेन फ्यूजमधली जाडी तार

आत्ताच्या आत्ता सांगून टाकते, नाहीतर परत गिळून बसेन. तीन वर्षं हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं घर जळगावात. मे महिन्यात कूलर दिवसभर चालू, त्यात नळ आले की पाण्याची मोटर — फट्! मेन फ्यूज उडालाच. मग मागच्या गल्लीतले नाना वायरमन यायचे, एकच बारीक तार टाकायचे. मी वैतागायचे, "नाना, जाडी टाका ना एकदाची!"

"माय, ती तार जळस म्हनीसन घर नही जळत."

कळत होतं हो मला! अकरावी सायन्स. लोड वाढला की तार वितळते, करंट तुटतो — यात काय अवघड आहे?

तरी एका दुपारी, घरी कुणी नसताना, मेन स्विच बंद केला आणि जुन्या वायरीतली जाडी तांब्याची तार फ्यूजमध्ये पिळून टाकली. मी! संध्याकाळी पप्पांनी विचारलं तर मी म्हणाले — नाना बसवून गेले. का म्हणाले? ओरडा नको म्हणून. बस्स, एवढंच.

मग काय, फ्यूज उडेनाच. सगळे खूश! आणि पंधरा दिवसांनी भिंतीतली वायरिंग जळाली. किचनभर धूर. पप्पा भर गल्लीत नानांवर ओरडले, "घर पेटवायला निघाले होते का?" नानांनी फ्यूज उघडून पाहिला. परत बंद केला, पिशवी उचलली आणि निघून गेले. आणि मी? दारात उभी.

त्यानंतर गल्लीत नानांना कुणी कामाला बोलवेना. तरी रस्त्यात दिसले की मला विचारायचे, अभ्यास कसा चाललाय. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटायचं.

काल पप्पांना ओढतच नानांच्या ओट्यावर नेलं आणि — मी बोलले. सगळं. एका दमात.

नाना म्हणाले, "माले तव्हयच समजनं. मी तार स्क्रूले उजवीकडे गुंडाळस. ती डावीकडे व्हती."

पप्पा म्हणाले, "मग तेव्हाच सांगायचं ना, नाना!"

"सांगतू तर कोन ऐकतं? तुम्हनी पोर खोटी, का मी खोटा?"

पप्पांची मान खाली. मग तिथूनच उठून ते गल्लीत घरोघर सांगत गेले — नानांची चूक नव्हती, माझ्या पोरीची होती. माझं नाव घेऊन! मी मागे मागे. लाज वाटली, खूप वाटली, पण छातीवरचा दगड एकेका दारात हलका होत गेला. खरंच.

नानांनी माफ केलं का, माहीत नाही. मी विचारलंही नाही.

तुमचं झालंय का असं — तुमचं खोटं कुणीतरी पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि तरी तुमच्याशी नीट बोलत राहिलं?