पुसून टाकलेला आवाज

धमाका झाला तेव्हा माझी नात उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात आईचा डबा होता, आणि माझ्या हातातल्या फोनातून तिची आई बोलत होती.

"आत्या, मीच हाय. उचला."

एवढंच. मग भिंत हादरली, फळीवरची भांडी खाली आली आणि ओढ्यापलीकडं फटाक्यांची शेड होती तिथं पांढरा धूर उभा राहिला. माझी सून अलका त्या शेडमध्ये कामाला होती.

मी असल्या गोष्टी मानत नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी येते. शिक्षण चौथीपर्यंत. हे वहीत लिहिलंय, मुलानं टाईप केलंय. एक शब्द बदलायचा नाही असं त्याला बजावलंय.

आमचं गाव तेरखेड्याजवळ. इकडं बऱ्याच बाया फटाक्यांच्या कामाला जातात. मुलगा पुण्याला. घरी मी, अलका आणि दुसरीतली नात, परी. माझ्याकडं बटणाचा फोन होता - कंपनीचा, कुलूपवाला. त्यात त्याच कंपनीचं कार्ड चालायचं, आणि कंपनी देईल तेवढंच ॲप. मला मोतीबिंदू. कुणाचा फोन आलाय ते दिसायचं नाही, मग मी उचलायचेच नाही. मुलगा चिडायचा.

अलका दहावी झालेली, डोक्यानं हुशार. फोन करणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगणारं एक ॲप असतं, तसलं तिला माझ्या फोनात टाकायचं होतं. तेरखेड्यातले मोबाईलवाले यासीनभाई म्हणाले, "भाभी, इसमें बाहेरचं काही जात नाही. कंपनीनं दार लावून घेतलंय."

"दार हाय तर कडी बी असंल," अलका म्हणाली.

कामावरून सुटली की ती त्यांच्या दुकानात बसायची. केबल लावून, त्यांच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून बघून तिसऱ्या दिवशी तिनं ते घातलंच. पण त्यातली बाई आमची नावं काहीच्या काही घ्यायची. म्हणून अलकानं फोनातच स्वतःचा आवाज भरला. मुलाचा फोन आला की - "आत्या, तुमच्या लेकाचा फोन." स्वतःच्या नंबराला - "आत्या, मीच हाय. उचला."

मला सोय झाली, हे खरं. पण एकदा बचत गटाच्या बैठकीत तो फोन बोंबलला. बाया हसल्या. एक म्हणाली, "गयाबाई, सुनेला पिशवीत घालूनच फिरता व्हय?" मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला, वाशीला, कंपनीच्या दुकानात गेले आणि बाहेरचं जे असेल ते काढा म्हणाले. त्या माणसानं सगळा फोनच धुऊन काढला. अगदी नव्यासारखा.

अलकाला संध्याकाळी कळलं.

"नको होतं तर सांगायचं ना आत्या. म्याच काढलं असतं."

"तुझी बडबड घरात काय कमी हाय?" मी म्हणाले.

पुढचे दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

तिसरा दिवस शनिवार. परीची सकाळची शाळा. जेवणाच्या सुट्टीला आईचा डबा शेडच्या गेटपर्यंत नेऊन द्यायचं काम तिचं, चालत दहा मिनिटं. आत फोन न्यायला बंदी - बाया सकाळीच फोन बंद करून गेटवरच्या पेटीत टाकायच्या.

परी डबा घेऊन अंगणाच्या कडेला गेली आणि फोन बोलला. रिंग वाजली नाही... नुसता आवाज. "आत्या, मीच हाय. उचला."

परी पळत परत आली. "आईचा फोन! मला दे."

मी हिरवं बटण दाबलं. पलीकडं कुणी नव्हतं. धुतलेल्या फोनात हा आवाज कसा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, हिनं मला न विचारता पुन्हा घातलं.

"झालं. जा आता, भाकरी निवती."

"परत येईल. मी नाही जाणार."

उंबऱ्यात बसली. मी दटावलं, आई उपाशी आहे म्हणून सांगितलं. दहा-बारा मिनिटं गेली. शेवटी दंडाला धरून उठवलं आणि बाहेर ढकलणार, तेवढ्यात तो आवाज दुसऱ्यांदा आला. त्याच्या पाठोपाठ धमाका.

गेटही राहिलं नाही. फोनांची पेटी मात्र रस्त्याच्या कडेला सापडली. अलकाचा फोन त्यात सकाळपासून बंदच होता. तिच्या फोनातून कॉल गेलेला नाही, माझ्या फोनात आलेला नाही.

तेराव्यानंतर मुलगा मला आणि माझा फोन घेऊन यासीनभाईंकडं गेला. त्याला तेवढा आवाज हवा होता. त्यांनी केबल लावली, बराच वेळ बघितलं.

"मावशी, यात काहीच नाही. कोरा आहे. तिनं आवाज यातच भरला होता, माझ्याकडं कॉपी नाही."

म्हणजे तिचा आवाज आता कुठंच नाही. तो मी पुसला. मुलगा मला एका शब्दानं बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं.

गावात म्हणतात, अलकानं लेकीला वाचवलं. मला ते पटत नाही. तिला आधी कळलं असतं तर ती स्वतः बाहेर आली असती, तिला जगायची हौस होती. मग फोन बोलला कसा, म्हणाल तर मला माहीत नाही. दोघींनी ऐकलंय, एवढं खरं. फोन मी अजून चार्ज करते. तो नुसता वाजतो.

त्या दिवशी शेडमधलं कुणी वाचलं नाही. परी वाचली. आता चौथीत आहे.