सातव्या महिन्यातली शमिका

करुणा अंगणवाडीत मदतनीस आहे. वाडीतल्या पोरांची वजनं करण्यात तिची बारा वर्षं गेली. पण काट्यावर स्वतःची लेक शमिका उभी राहिली की अजून ती आकडा दोनदा वाचते.

शमिका सातव्या महिन्यात झाली, सव्वा किलोची. दीड महिना रत्नागिरीच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर करुणा तिला उबेसाठी दिवसदिवस छातीशी बांधून बसायची. नवरा प्रज्ञेश मुंबईला नोकरीला, फोनवर एकच विचारायचा, "किती ग्रॅम वाढली?" पोरीनं अंग धरलं आणि सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, तिला भरवायचा चंगच बांधला. "खा गो बाय, अजून दोन घास." शमिका गुटगुटीत झाली तेव्हा करुणेला वाटलं, सुटले एकदाची.

यंदा शमिकाला अकरावं लागलं. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. थोड्या वेळानं परत बांधला. मग त्यांच्याच संगमेश्वरच्या दवाखान्यात दोन फेऱ्या झाल्या. रक्तदाब वरच.

"पूर्ण दिवसांची होती का ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सातव्यातली. पण त्याला दहा वर्षं झाली की!"

"लवकर जन्मलेल्या मुलांना पुढे रक्तदाबाचा, साखरेचा धोका थोडा जास्त असतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण लक्ष ठेवावं लागतं."

"म्हणजे माझंच काही चुकलं?"

"अहो, तुम्ही तर तिला जगवलंत."

करुणेला रडू आलं नाही. खाण्यात काय बंद करायचं, रोज किती चालायचं, ते तिनं विचारून घेतलं.

घरात मीठ कमी झालं, पापड-सुकट बंद. शमिका ताट ढकलायची. यमुनाबाई चिडायच्या, "तेव्हा म्हणाले वाढवा, आता म्हणतात आवरा!" पाय भरून आलेले असले तरी रोज संध्याकाळी ती लेकीला घेऊन सड्याच्या मोकळ्या पठारावर चालायला जायची. एके दिवशी यमुनाबाईंनी आपणहून लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली.

सहा महिन्यांनी रक्तदाबाचा आकडा थोडा उतरला. औषध लागलं नाही.

"परत सहा महिन्यांनी या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असं किती वर्षं?"

"मोठी झाली तरी वर्षातून एकदा दाखवायचंच."

करुणेनं मान हलवली. बाहेर आल्यावर शमिकानं विचारलं, "आई, मी आजारी आहे?"

"नाय गो. तुझ्याकडे बघत राहायचं, बस."

एसटीत बसल्याबसल्या करुणेचा डोळा लागला. थांबा आला तेव्हा शमिकानंच तिला हलवून उठवलं.