मुहूर्ताची पेशंट

माणसाच्या अंगावर किती चामखिळी असू शकतात, याची सर्वसाधारण माणसाला कल्पना नसते. मला आहे, आणि आता तिचा कंटाळा आलाय. नाशिकच्या कॉलेज रोडवर एकतीस वर्षं मी कातडीचा दवाखाना चालवतोय. तीळ, मस, वांग, मानेवरचे लोंबते ठिपके, रोज तेच. यातलं बहुतेक सगळं निरुपद्रवी असतं, काढलं नाही तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण लोकांना ते नको असतं आणि माझं घर त्यावर चालतं, म्हणजे कुरकुरायला तशी जागा नाही. तरी मी कुरकुरतो. स्वभावच तसा आहे, घरचे लोक सांगतील.

लिहायला बसलोय ते मात्र यशोदाबाईंबद्दल.

यशोदाबाई माझ्याकडे सतरा वर्षांपूर्वी झाडूफरशीला लागल्या. माहेर सायखेड्याचं, सासर नाशिकरोडला, बुद्धविहाराच्या मागच्या वसाहतीत. नवरा सावळीराम गोदामात हमाली करायचा, कंबर गेल्यापासून तो घरीच. मुलगा मयूर कारखान्यात शिफ्टला. त्या लागल्या त्याच वर्षी मी पहिलं लेझर मशीन घेतलं. लेझरने चामखीळ जाळताना धूर निघतो आणि त्याला जळक्या केसांसारखा वास येतो. तो धूर ओढून घेणारी नळी कोणीतरी अगदी जवळ धरून उभं राहावं लागतं. तेव्हाची नर्स दुसऱ्याच दिवशी ओकारी काढत बाहेर पळाली. मी तणतणत होतो. यशोदाबाईंनी हातातलं फडकं बादलीत टाकलं, हात साबणाने धुतले आणि नळी धरली. त्या दिवसापासून नळी त्यांची झाली.

नळीबरोबर बाकीचं कामही त्यांच्याकडे आपसूक गेलं. लेझरच्या आधी बधिर करणारं मलम लावून पेशंटला पाऊण तास बसवावं लागतं. तो पाऊण तास म्हणजे यशोदाबाईंचं राज्य. बायका त्यांना काय काय सांगायच्या! सासू, जाऊ, पोरीचं स्थळ, मोडलेला साखरपुडा. मी आत गेलो की दोघी गप्प व्हायच्या, जणू मीच आगंतुक.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काम काय करता, ताई?"

समोरची बाई द्राक्षबागेत जाणारी निघाली, कांदे काढणारी निघाली, की या मला बाहेर बोलवायच्या. "साहेब, हिचं आत्ता नका करू. दिवसभर उन्हात असती. श्रावणात बोलवा."

माझं डोकं फिरायचं. पेशंट मलम लावून बसलेला आणि ही बाई त्याला परत पाठवतेय. "यशोदाबाई, डॉक्टर मी का तुम्ही?"

"तुमीच हाय. पन ऊन तिला लागंल, तुमाला नाय."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लेझरची जखम ओली असताना ऊन बसलं की तिथे काळा डाग उठतो, मूळच्या चामखिळीपेक्षा वाईट दिसणारा. महिनाभर ऊन टाळा, असं माझ्याच छापील कागदावर माझ्याच सहीने लिहिलेलं आहे. नामपूरहून दोन एसट्या बदलून आलेली एक बाई त्यांनी अशीच परत पाठवली होती. जाताना ती आम्हा दोघांनाही भरपूर बोलून गेली. श्रावणात आली, काम झालं, कातडी स्वच्छ राहिली.

आता मुख्य गोष्ट. खुद्द यशोदाबाईंच्या चेहऱ्यावर चामखिळी होत्या. डोळ्यांखाली, गालांवर, मानेवर, काळ्या तिळाएवढ्या. किती? त्रेचाळीस. दुपारी पेशंट नसले की मी त्या नुसत्याच मोजायचो. पेशंट हमखास म्हणायचे, "डॉक्टर, आधी या मावशींचं काढा की!" आणि हसायचे. यशोदाबाईही हसायच्या. मी आठ-दहा वेळा तरी म्हटलं असेल, चला, झोपा, फुकट करून टाकतो. उत्तर एकच, "बघू साहेब, पुढं." मला वाटायचं, बाई घाबरतेय. हजारो लोकांवर नळी धरलेली बाई कशाला घाबरेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खरं सांगायचं तर मी विचार केलाच नाही.

मग आरोही आली. माझी मुलगी, कातडीचंच शिकून पुण्याहून परतली. हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. तिने दवाखान्याचा रंग बदलला, दिवे बदलले, खुर्च्या बदलल्या. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, मावशींना मागच्या खोलीत ठेवू या. साहित्य उकळायचं, कपाटं लावायची. पगार तोच राहील."

"का?"

"लेझरच्या टेबलावर पेशंट झोपतो तेव्हा सगळ्यात जवळ त्यांचा चेहरा असतो. लोक चामखिळी काढायला येतात, आणि..."

मी ताट सरकवलं, आवाज चढवला, बरंच काही बोललो. ती ऐकून घेत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "नाहीतर काढून घ्या म्हणावं त्यांना. त्यांचंही बरंच होईल." 

मागची खोली म्हणजे जिन्याखालची. खिडकी नाही. तिकडे पेशंट कधी फिरकत नाही. मी भित्रा माणूस आहे. यशोदाबाईंना हे सरळ सांगायचं मला जमलं नाही. आढेवेढे घेत, हसत, जणू मी बढतीच देतोय अशा थाटात सांगितलं. त्यांना खरं कारण पहिल्याच वाक्यात कळलं.

"आत गेले तर बोलू कोनाशी साहेब?" त्या म्हणाल्या. "घरी म्हातारा तोंड उघडत नाय. पोरगं शिफ्टला. दिसभर हितल्या बायाच बोलत्यात माझ्याशी."

 त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं.

"काढा मंग," त्या म्हणाल्या.

त्याच सुमाराला नवं मशीन यायचं होतं. आरोहीच्या आईने अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला. आमच्या घराण्यात एक पद्धत आहे, माझ्या वडिलांपासूनची. नवं हत्यार आलं की पहिला वापर घरच्या माणसावर करायचा, पैसे न घेता. वडिलांनी नव्या इंजेक्शनच्या सुया स्वतःच्या दंडावर सुरू केल्या होत्या. पहिल्या लेझरला मी माझ्याच कोपरावरचा मस जाळला. तर या वेळी मी जाहीर केलं, मुहूर्ताची पेशंट यशोदाबाई. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं म्हणून सांगू! सतरा वर्षं कामाला असलेल्या बाईला घरचं माणूस म्हणतोय, ही काय साधी गोष्ट झाली?

"आमच्यात मुहूर्त नसतो साहेब," यशोदाबाई म्हणाल्या. "आमी रविवार बघतो, सुट्टी असती म्हनून." मग जरा थांबून, "श्रावणात केलं तर?"

"तोवर मशीन काय झाकून ठेवू?" मी म्हणालो.

त्यांनी नळी पुसून जागेवर ठेवली.

अक्षय तृतीयेला बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. आरोहीच्या मैत्रिणी फोटो काढत होत्या. यशोदाबाई भिंतीजवळ उभ्या होत्या, इस्त्रीच्या साडीत. त्यांना टेबलावर झोपवलं, डोळ्यांवर पट्टी ठेवली. इतक्या चामखिळी असल्या की मी नेहमी तीन बैठका करतो. आरोही हळूच म्हणाली, "बाबा, आज पंधराच करू या." मी म्हटलं, मुहूर्त आहे, होऊन जाऊ दे सगळं. नळी धरायला नवी मुलगी होती, राखी. तिने ती फारच खाली धरली होती. पट्टीखालून यशोदाबाईच म्हणाल्या, "जरा वर धर गं बाई, धूर साहेबांच्या नाकात चाललाय."

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस काढल्या. मलमाची ट्यूब दिली, उन्हात लावायचं क्रीम दिलं, छापील कागद दिला आणि वर दहा दिवसांची भरपगारी रजा. त्या रात्री मला झोप छान लागली.

अकराव्या दिवशी त्या पदर तोंडावर ओढून आल्या. मी पदर बाजूला करायला सांगितला. प्रत्येक चामखिळीच्या जागी काळपट तपकिरी डाग, मूळच्यापेक्षा दुप्पट. दोन्ही गाल भरलेले.

"उन्हात गेलात?" मी ओरडलोच.

"कुरडया हुत्या साहेब."

मग कळलं ते असं. दर उन्हाळ्यात रजा घेऊन यशोदाबाई वसाहतीतल्या आणि आसपासच्या घरांसाठी कुरडया करतात. त्या घरांनी पाडव्यालाच सांगून ठेवलेलं असतं. गहू तीन दिवस भिजले की चौथ्या दिवशी वाटून चीक काढावाच लागतो, नाहीतर तो आंबून वाया जातो. पहाटे मोठ्या पातेल्यात तो चीक शिजवायचा, वाफ तोंडावर घेत घोटायचा, आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर सोऱ्याने कुरडया पाडायला बसायचं. मग उलटायच्या, राखायच्या, गोळा करायच्या. दहा दिवसांत त्यांनी सगळी घरं पुरी केली. क्रीम लावलं होतं, पण वाफेने आणि घामाने ते किती टिकणार? दरवर्षी त्यातल्याच एक डबाभर कुरडया आमच्या घरी येतात. आम्ही तळून खातो, छान फुलल्या म्हणतो. त्या काही सावलीत वाळत नाहीत, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

"मग आधी सांगायचं नाही का मला!" मी अजून आवाज चढवूनच बोलत होतो.

"सांगितलं हुतं की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "श्रावणात म्हनले हुते."

मी बेसिनपाशी गेलो आणि हात धुतले. ते आधीच धुतलेले होते. सतरा वर्षं ही बाई परक्या बायांची कामं विचारून त्यांची कातडी वाचवत होती, आणि तिला तेवढंच विचारायला एक माणूस नव्हता. मी होतो. मी मुहूर्त बघत होतो.

आरोहीने मागच्या खोलीचा विषय पुन्हा काढला नाही. ती यशोदाबाईंना घेऊन बसली, डाग जायचं मलम दिलं, कसं लावायचं ते तीनदा सांगितलं. तिचे डोळे भरले होते. मग मास्कचं एक खोकं त्यांच्या हातात ठेवलं. "मावशी, हा लावत जा. धूरही नाकात जाणार नाही." सल्ला योग्यच होता, मीही तोच दिला असता. यशोदाबाईंनी तिथल्या तिथे मास्क लावला आणि नळी धरायला आत गेल्या. त्यांची जागा राहिली. एवढ्यासाठीच तर त्यांनी सगळं केलं होतं.

मलम त्यांनी नेमाने लावलं. दिवाळीपर्यंत डाग फिके झाले. संक्रांतीनंतर एक दिवस मी त्यांना दिव्याखाली बसवून नीट पाहिलं. चेहरा स्वच्छ होता. एकही चामखीळ नाही, डागाची खूण शोधावी लागत होती. मला एवढा आनंद झाला की मी आरोहीला हाक मारून दाखवलं. "आता मास्क काढा, यशोदाबाई!"

"हां," त्या म्हणाल्या, आणि मास्क परत लावला.

मला वाटलं सवय असेल, जाईल. गेली नाही. चहासुद्धा त्या भिंतीकडे तोंड करून, मास्क हनुवटीवर ओढून पितात, आणि कप ठेवायच्या आधी मास्क वर जातो. संध्याकाळी गाडीतून जाताना मी त्यांना बसस्टॉपवर पाहिलं. तिथेही मास्क. शेवटी एका दुपारी विचारलं, का हो?

त्या कापूस तोडत होत्या. "सतरा वर्सं बाया माझं तोंड बघून म्हनायच्या, आधी हिचं काढा. मंग डाग बघून म्हनायला लागल्या, आमचं बी आसंच व्हनार का? आता कोनी काय म्हनत नाय. आता ऱ्हाऊ द्या साहेब. लय दमले मी."

मास्क आल्यापासून त्या बोलायच्याही थांबल्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं त्याच दुपारी. मलम लावून पाऊण तास बायका गप्प बसतात, मोबाइल बघतात. यशोदाबाई शेजारी स्टुलावर असतात.

गेल्या आठवड्यात सखुबाई नावाच्या एक आजी आल्या, पाच-सहा वर्षांपूर्वी मानेवरचं काढून गेलेल्या. आता नवीन उगवलं होतं. मी दाराशी होतो. यशोदाबाई वाकून त्यांच्या मानेला मलम लावत होत्या. आजी सगळी खोली नजरेने धुंडाळत म्हणाल्या, "हितं मागल्या टायमाला एक मावशी हुत्या. लय गोड बोलायच्या. माझ्या नातीचं समदं इचारलं हुतं त्यांनी. सोडून गेल्या का?"

यशोदाबाईंचं बोट मानेवर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"गेल्या, आजी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि उरलेलं मलम लावू लागल्या.

मला बोलता आलं असतं. आजी, याच त्या, एवढंच म्हणायचं होतं. मी केसपेपर उघडला आणि राखीला म्हटलं, पुढचा पेशंट बसवून घे.