सोडलेल्या वर्गातला आवाज

परभणीत शिकवणी वर्ग चालवणाऱ्या ज्या सरांनी मला पहिली नोकरी दिली, त्यांचे उपकार मी आजही मानतो. आईवडील ऊसतोडीला जायचे. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. सरांनी करार पुढे ठेवला तेव्हा मी आनंदात सही केली. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात कुठेही भौतिकशास्त्र शिकवायचं नाही, एवढं कलम मात्र लक्षात राहिलं.

पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला. दिवसभराची नोकरी जमेना, म्हणून सोडली. त्यांना टाकून लातूर-नांदेडला जाणं शक्य नव्हतं. शिकवायचं तर इथेच, आणि इथेच बंदी.

बहिणीची मुलगी त्याच वर्गात जायची. एका दुपारी तिने वही पुढे केली.

“मामा, काल तुमी सांगितलं तसंच करायलेय, पण उत्तर येईना.”

काल मी दिवसभर गावी, राणीसावरगावला, वडिलांच्या उशाशी होतो. तिला तसं म्हणालो, तर ती सहज म्हणाली, वर्गात पडद्यावर रोज तुमीच शिकवता की. मी असताना कॅमेऱ्यासमोर घेतलेले तास सर आता लावत होते. मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. घरात भाचीला एक गणित समजावणंही करार मोडल्यासारखं वाटलं.

शेवटी एका वकीलसाहेबांना कागद दाखवला. त्यांनी नीट उलगडून सांगितलं. नोकरीत असेपर्यंत दुसरीकडे शिकवू नका, ही अट चालते. नोकरी सोडल्यावरही माणसाला त्याच्या कामापासून अडवणारी अट आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ते मात्र पुढचं पान वाचत होते.

“शिकवा बिनधास्त. फक्त ही रेकॉर्डिंग मागायला जाऊ नका, ते कलम पक्कं आहे. पडद्यावरचे तुम्ही आता त्यांचे.”

ते हसले. मला हसता आलं नाही.

शहरात शिकवणीसाठी खोल्या मिळतात त्या एकाच भागात. मला मिळाली ती जुन्या वर्गाच्या मागच्या गल्लीत. पहिल्या दिवशी बाकं बऱ्यापैकी भरली. भाची पुढे बसली. मी जडत्व शिकवायला घेतलं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, बस थांबली, पण दारात उभा असलेला पाहुणा थेट गंगाखेडला, हा माझा नेहमीचा विनोद. पोरं हसली, पण मी ‘पाहुणा’ म्हणायच्या आधीच.

उकाड्यामुळे खिडकी उघडी होती. तेव्हा कुठे मला ऐकू आलं. पलीकडे जुन्या वर्गात तोच धडा चालू होता, माझ्याच आवाजात, माझ्या एक वाक्य पुढे. मी घाईने बोलू लागलो. पुढचं वाक्य गाठलं, तर ते तिकडे बोलून झालेलं.

मी थांबलो.

पोरांनी मान वर केली नाही. ती लिहीतच राहिली.