कणगीचं घनफळ
शेणामातीनं सारवल्याचा वास आला की मला आमची ज्वारी साठवायची बांबूची कणगी आठवती बघा. घरची सगळी ऊसतोडीला निघालती, अन् माझी दहावीतली नात "मी आज्जीजवळच राहणार, परीक्षा देणार" म्हणून हटून बसलेली. तिचा बाप म्हणला, "दोघींना ज्वारी पुरंल का?" पोरीनं कणगीला दोरी गुंडाळून घेर घेतला, काठीनं उंची मोजली, दंडगोलाचं घनफळ काढलं अन् हसत म्हणली, "पुरून उरती, आबा!" बापानं आत हात घातला. ओल लागू नये म्हणून आमी कणगीत खाली भुसा भरतो, वर ज्वारी. "निम्म्याला भुसाच हाय गं बाई. चल." ती ट्रकात चढली. आता तिचीच लेक दहावीला हाय, अन् ती बी ऊसतोडीला निघालीया. पोरीला तरी माझ्यापशी ठेव म्हणलं, तर नात म्हणती, "आज्जी, ती खाईल तरी काय?"